सुरतेच्या खांबावरचा घाव

माझी सोयरीक सुरतेच्या लुटीवर जमली आणि सुरतेच्याच लुटीवर मोडली, असं सांगितलं तर हल्लीच्या पोरी हसतात. आमच्या तापीकाठच्या पाटलांना मात्र त्यात काही नवल वाटणार नाही. महाराजांनी सुरत दोनदा लुटली एवढंच शाळेच्या पुस्तकात असतं. पण आमच्या भागातली जी जी घराणी ‘आमचा आजा त्या स्वारीत होता’ म्हणून सांगत, त्या सगळ्यांची बेरीज केली, तर त्या फौजेत मावळच्या लोकांना पाय ठेवायलासुद्धा जागा उरली नसती. सगळी फौज शहादे आणि तळोदे तालुक्यातच भरून निघाली असती. महाराजांबद्दल मी काय बोलणार, ते ते होते. त्यांच्या पाठीमागून अडीचशे वर्षांनी घोड्यावर बसलेल्या लोकांत मात्र मी लहानाची मोठी झाले.

आमच्या घरात देव्हाऱ्याशेजारी एक पितळी अत्तरदाणी होती. तिला झाकण नव्हतं आणि तिच्यात अत्तर कधी कोणी पाहिलं नव्हतं. आई तिच्यात फुलवाती ठेवायची. ती लुटीतली. आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, आजोबांच्या आजोबांनी ती खोगिराला बांधून सुरतेहून आमच्या गावी ब्राह्मणपुरीला आणलेली. मी चौथीत असताना बोटांवर पिढ्या मोजल्या आणि आबांना म्हटलं, की हे आजोबा त्या वेळी जन्माला यायलाच अजून शंभरेक वर्षं होती. आबा रागावले नाहीत. मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “आमना घरमा लोके भलता जगतस, पोरी.” त्यावर मास्तरांनी शिकवलेलं कोणतंच गणित चालेना.

तापीकाठच्याच एका गावचे उखा पाटील हे माझे होणारे सासरे. त्यांच्या घरी घोड्याची एक जरीची झूल होती, कसरीने खाल्लेली, पण लुटीतली. दोन्हीकडे लूट निघाल्यावर घराणी तोलामोलाची ठरली आणि सुपारी फुटली. मुलगा काय करतो हे सगळ्यांत शेवटी विचारलं गेलं. तो शेती बघायचा आणि स्वभावाने बरा होता म्हणे. मी त्याला पाहिलं नव्हतं, आणि आजही त्याच्याबद्दल माझ्या मनात वाईट काही नाही. वाईट होतं ते एवढंच, की लग्न फाल्गुनात होतं आणि सातवीची परीक्षा चैत्रात. ती परीक्षा पास झाली की धुळ्याला जाऊन मास्तरणीचं शिक्षण घेता येतं, हे आमच्या मास्तरांनी माझ्या डोक्यात भरवून दिलं होतं. ते एकदा आमच्या ओट्यावर येऊन आबांशी बोललेही. आबांनी त्यांना गूळ-शेंगदाणे दिले, गायीची चौकशी केली आणि पोरीचं लग्न ठरलंय म्हणून सांगून वाटेला लावलं. मी दाराआड उभी होते. रडले नाही, कारण रडायला आमच्या घरी एकांत मिळत नसे. पण त्या दिवसापासून जेवण गोड लागेना.

लग्न म्हटलं की बस्ता आला. दोन्हीकडच्यांनी मिळून कापडाच्या दुकानी जायचं, पहिला कपडा देवाचा काढायचा, मग नवरीचा, मग मानापानाचे, आणि सगळं एका गाठोड्यात बांधून आणायचं, ही आमच्याकडची रीत. नंदुरबारच्या बाजारात काय कापड मिळत नव्हतं? पण लुटीच्या घराण्यांनी नंदुरबारला बस्ता बांधला तर आजोबांना वर काय वाटेल! तेव्हा बस्ता सुरतेलाच, यावर एकमत झालं. कोणत्या दुकानी, यावर महिना गेला. आबा म्हणत, सुरतेत आमच्या ओळखीची एक पेढी आहे, तिथं आमच्या घराण्याला जो मान आहे तो डोळ्यांनी बघा. उखा पाटील म्हणत, मान बघायचा तर आमच्या पेढीवर चला. दोघेही पेढीचं नाव काही सांगेनात. आयत्या वेळी व्याह्याला थक्क करायचं, हा दोघांचाही बेत होता. शेवटी आधी आबांच्या पेढीवर जायचं आणि मग उखा पाटलांच्या, असं ठरलं.

बस्त्याला नवरीला नेत नाहीत. मला नेलं ते जिजीमुळे. जिजी म्हणजे आबांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली, आणि आमचं घर खरं तर तीच चालवत होती. तिला सुरत बघायची होती. “सुरत न दखता मरनू तं तापीमाय माले इचारी, मन्हं सासर का बरं नही दखं तू?” असं तिचं म्हणणं; तापी सुरतेपाशी समुद्राला मिळते, म्हणून ते तिचं सासर. पण एवढ्या पुरुषांत एकटी बाई कशी जाणार, म्हणून सोबतीला मी. नवरी म्हणून नव्हे, सोबत म्हणून. यातून अशी तोड निघाली, की मी जायचं, पण सासऱ्यांनी मला पाहायचं नाही. मी गाडीत सासऱ्यांकडे पाठ करून बसायचं, नावेत पाठ करून बसायचं, आणि सासऱ्यांनीही ‘ही पोरगी कोण’ असं कधी विचारायचं नाही. दोन्हीकडचे मिळून आम्ही नऊ जण होतो. त्यातल्या पाच जणांची नावं सांगून तुम्हाला शिणवत नाही. ते फक्त ‘हां तं’ म्हणायला आणले होते.

पौषातली थंडी. सातपुड्याकडून वारा सुटला की आमच्याकडे पहाटे हाडं वाजतात. शिदोरीला दादर ज्वारीच्या भाकरी, लसणाची चटणी, आणि शेकोटीवर भाजलेल्या हिरव्या वांग्यांचं भरीत, कांद्याच्या पातीचं. त्या भरिताचा वास घोंगडीला लागला तो परत येईपर्यंत गेला नाही. प्रकाशा गावाशी तापीत जिजीने डुबकी मारली, मलाही मारायला लावली, आणि दात वाजवत आम्ही नावेने पलीकडे गेलो. नंदुरबारला धर्मशाळेत मुक्काम करून सकाळची गाडी धरली. पुरुष पुरुषांच्या डब्यात, आम्ही दोघी बायकांच्या. तिथं मात्र मी पाठ फिरवायची सुटी घेतली आणि खिडकीला नाक लावून बसले.

नवापूरला एक बाई चढली. सावळी, सडसडीत, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. पायांत चपला आणि खांद्याला कापडी पिशवी. जिजीने तिला बसायला जागा दिली ती चौकशीचा हक्क मिळावा म्हणून. गाव कोणतं, मालक काय करतात, हे विचारून झालं. मालक नाहीत, लग्न केलेलं नाही, म्हटल्यावर जिजीने माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. मग ती बाई शाळेत शिकवते असं कळलं. पगार तिच्या हातात येतो आणि त्यातून ती धाकट्या भावाला शिकवते, हेही कळलं. तिने पिशवीतून मुलांच्या वह्या काढल्या आणि गाडीच्या हेलकाव्यात तांबड्या पेन्सिलीने तपासायला लागली. घरी तिकडच्या आदिवासींची कोकणी बोली बोलणारी ती बाई आमच्याशी मास्तरांसारखं स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत होती. तिने मला विचारलं, “तू वाचतेस का?” मी मान हलवली. तिने एक वही माझ्यापुढे धरली आणि म्हणाली, “यात चूक कुठंय सांग.” मी तीन दाखवल्या. ती हसली आणि म्हणाली, “चार आहेत.” व्यारा स्टेशनावर ती उतरेपर्यंत मी त्या वह्यांकडे बघत होते. वह्या एकोणचाळीस होत्या. जिजी नंतर म्हणाली, बिचारीचं कसं होईल. मला मात्र ती काही बिचारी वाटली नव्हती.

सुरतेची हवा कोवळी. आमच्याकडच्यासारखी झोंबणारी थंडी तिथं नव्हती. पहिल्याच दिवशी आबांनी सगळ्यांना नदीकाठी नेलं. किल्ला पाहिला. जिजीने तिथली तापी बघून तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, “आपलीच शे वं. सासरी येईसन फुगी गयी.” नदीच्या वाळवंटात पोंक विकायला बसले होते. पोंक म्हणजे आपला हुरडाच, जरा वेगळ्या ज्वारीचा, सोबत शेव आणि लिंबू. शहरातली शिकलेली माणसं रांग लावून हुरडा विकत घेतायत हे बघून आबा आणि उखा पाटील दोघेही हेलावले. या प्रवासात त्यांचं मनापासून एकमत झालं ते एवढ्या एकाच गोष्टीवर.

मग कोणीतरी मोठी देवळं दाखवतो म्हणून आम्हाला एका बागेत घेऊन गेलं. दुमजली, घुमटाची, खांबाखांबांची इमारत. आत अंधार, बाहेर शांतता. आबांनी जोडे काढले, उंबऱ्याला हात लावून कपाळाला लावला. व्याह्याने वाकून नमस्कार केलेला बघून उखा पाटील मागे कसे राहणार? त्यांनी साष्टांग घातला. जिजीने बोचक्यातला नारळ काढला. एवढ्यात माळी धावत आला आणि ही गोऱ्या साहेबांची कबर आहे म्हणून सांगू लागला. आबा जराही डगमगले नाहीत. जोडे घालत म्हणाले, “व्हई, पन मोठा मानूस व्हई.” पुढे इतिहास शिकवताना मला कळलं, की महाराजांच्या स्वारीत इंग्रजांच्या वखारीचे दरवाजे लावून आत बसलेला मुख्य साहेब त्याच घुमटाखाली पुरलेला आहे. म्हणजे सुरत लुटणाऱ्यांच्या वंशजांनी तिथवर जाऊन लोटांगण घातलं ते नेमकं ज्याला लुटता आलं नव्हतं त्याला. आबांना मी हे कधी सांगितलं नाही. नारळ मात्र वाया गेला नाही, संध्याकाळी चटणीत घातला.

दुसऱ्या दिवशी बस्ता. गल्लीच्या तोंडाशी आबा थांबले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, “चला याही. आमनं घरानं सुरतमा काय करी ठेयेल शे, ते तुमले दखाडस.” उखा पाटील म्हणाले, “दखाडा. मंग आमनं दखा.” आबा पुढे, उखा पाटील मागे. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. तिसऱ्या वळणाला उखा पाटील आबांच्या बरोबरीने चालायला लागले आणि चौथ्याला पुढे गेले. मी पदर ओढून मागून येत होते, आणि सासऱ्यांना रस्ता पाठ कसा, हे मला कोडंच पडलं. एका जुन्या लाकडी घरापाशी दोघे एकदमच थांबले. खाली दुकान, मागे आणि वर राहती जागा. गादीवरून छगनशेठ उठले. गोल, गोरे, कपाळावर केशरी टिळा. दोघांना एकत्र बघून त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू एका बाजूने आलं आणि दुसऱ्या बाजूने गेलं. पण ते व्यापारी होते. “पधारो पाटील, पधारो, बेउ पाटील साथे!” असं म्हणत त्यांनी लोड मांडले. आबांना आणि उखा पाटलांना तर आनंदच झाला, की आपली पेढी एकच निघाली. शालू पसरले गेले. नानखटाई आली.

बायकांना आत नेलं. जिजी शेठच्या सुनेबरोबर वरच्या मजल्यावर जरीच्या किनारी बघायला गेली आणि मी मागच्या चौकात शेठच्या आईपाशी बसले. तिला सगळे मोटी बा म्हणत. ऐंशीच्या घरातली, कानांनी अधू, उन्हाचा कवडसा जसा सरकेल तसा आपला पाट सरकवत पापडीच्या शेंगा सोलत होती. सुरतेत थंडीच्या दिवसांत उंधियू नावाची भाजी करतात, त्यातली ती पापडी. मीही सोलू लागले. दुकान आणि चौक यांच्या मध्ये एक पडदा होता आणि पडद्याच्या फटीतून दुकानाचा पुढचा सागवानी खांब दिसत होता. त्या खांबावर छातीइतक्या उंचीवर एक खोल तिरका घाव होता. त्याला तेल लावून लावून तो काळा कुळकुळीत झाला होता, आणि वर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. मला वाटलं काही देवाचं असेल. मी मोटी बांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, तेव्हा त्या इतक्या हसल्या की पदरातल्या पापड्या सांडल्या.

“अरे दीकरी, ए तो मारा दियरनुं काम! नवी कुहाडी लाव्यो, ते धार जोवा थांभला पर मारी.” धाकट्या दिराने नवी कुऱ्हाड आणली आणि धार कशी आहे म्हणून हाताशी आलेल्या पहिल्या लाकडावर घातली. नेमका तो घराचा खांब. सासऱ्यांनी त्याला दोन दिवस उपाशी ठेवलं होतं म्हणे. पुढे एकदा कोणी खानदेशचे पाटील कापडाला आले. त्यांनी विचारलं, हा घाव महाराजांच्या स्वारीतला का? छगनशेठने गमतीने हो म्हटलं, तुमच्याच वाडवडिलांचा असेल. त्या पाटलांनी घावाला हात लावला, डोळ्यांत पाणी आणलं, आणि शालूची घासाघीस न करता गाठोडं बांधून घेऊन गेले. तेव्हापासून दर दिवाळीला मोटी बा स्वतःच्या हाताने त्या घावाला तेल लावतात. “जे पाटील आवे ते हाथ अडाडे, पछी भाव ना करे,” असं सांगून त्या पुन्हा हसल्या. मीही हसले. त्या वर्षात मी अशी मनापासून हसले ती पहिल्यांदाच.

आणि त्याच वेळी पडद्यापलीकडून आबांचा आवाज आला. “याही, आते हाई दखा. आमना आजाना कुऱ्हाडना घाव.”

“तेच तं मी तुमले दखाडनार व्हतू,” उखा पाटील म्हणाले. “आमना आजाना.”

“आमना म्हंजे कोना?”

“आमना म्हंजे आमना. तुमना कसा व्हई?”

फटीतून मला खांब दिसत होता, आणि त्या घावावर दोन हात, एक आबांचा आणि एक सासऱ्यांचा, एकमेकांना ढकलत होते. दोघांनाही छगनशेठने वेगवेगळ्या साली तोच घाव दाखवलेला. एकाच दिवशी दोन मालक येतील हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते मध्ये पडले. “दोघांचा, पाटील, दोघांचा! एकाने कुहाडी उचलली, दुसऱ्याने हात लावला.” हे बोलून त्यांनी होतं नव्हतं तेही घालवलं.

“एक कुऱ्हाडले दोन पाटील?” आबा ओरडले. “यासना आजानी काय दांडा धरेल व्हता?”

“दांडा तुमना आजानी धरेल व्हई. पातं आमनं व्हतं.”

“तुमना आजा तवय तापीकाठे म्हशी चारी ऱ्हायना व्हई!”

“चारी ऱ्हायना व्हई, पन सोतान्या! तुमनासारख्या दुसरान्या नही!”

‘हां तं’ म्हणायला आणलेले पाचही जण आता दोन्ही बाजूंनी ‘हां तं’ म्हणू लागले. आवाज ऐकून जिजी जिना उतरून धावत आली. काय झालं ते कळल्यावर तिने माझा दंड धरला. तिला कळलं होतं की हे आता लुटीवरून उरलेलं नाही, माझ्यावर आलंय. तेवढ्यात बाहेर उखा पाटील म्हणालेच, “ज्या घरले आपला आजा कोठे व्हता हाईच म्हाईत नही, त्या घरनी पोर आमले नको.”

“पोरी,” जिजी माझ्या कानाशी म्हणाली, “तू शाळा शिकेल शे. काहीबी सांग तुन्हा बापले. तो तुन्हं आयकस.”

मी पडदा बाजूला केला. अंगठ्याएवढं वाक्य होतं माझ्याकडे. हा घाव म्हातारीच्या दिराचा आहे, तिला विचारा. एवढं म्हटलं असतं तर दोघे आधी माझ्यावर खेकसले असते, मग मोटी बांना विचारलं असतं, मग छगनशेठवर तुटून पडले असते, आणि शेठला शिव्या देता देता पुन्हा एक झाले असते. दोन पाटलांना जोडायला तिसऱ्यावरचा राग पुरतो. फाल्गुनात माझं लग्न झालं असतं. हे सगळं मला त्या क्षणी लख्ख दिसत होतं. मी तोंड उघडलंसुद्धा.

आबांनी मला पाहिलं आणि बोट रोखलं. “मांगे बठ! बाप्यासना बोलामा तोंड घालू नको!”

जन्मापासून हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल आणि शंभरदा मोडलं होतं. त्या दिवशी मात्र पाळलं. पडदा सोडला, मागे जाऊन बसले आणि पापडी सोलायला घेतली. गाडीतल्या त्या बाईची तांबडी पेन्सिल माझ्या डोळ्यांपुढे होती. बापाची आज्ञा मोडायची नाही म्हणून मी गप्प बसले, असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत होते. आता या वयात खोटं कशाला बोलू? भांडण पुढे चांगलं तासभर चाललं. त्या तासात मला दहा वेळा उठता आलं असतं. मी उठले नाही. मोटी बा मला प्रेमाने म्हणत होत्या, की पोरी, तुझ्या हाताला काम चांगलं आहे.

सोयरीक तिथंच मोडली. उखा पाटील आपली माणसं घेऊन निघून गेले. आबांनी मात्र जाता जाता सगळ्यांत भारी हिरवा शालू घासाघीस न करता घेतला, व्याह्याला दिसावं म्हणून. व्याही तोवर गल्लीच्या टोकालाही नव्हते. तेव्हा मोटी बांचं तेल काही वाया गेलं नाही. परतीच्या गाडीत जिजी नंदुरबारपर्यंत डोळे पुसत होती आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपेचं सोंग घेत होते.

मोडलेल्या सोयरिकीची पोर म्हणजे काय, ते पुढच्या दोन वर्षांत घराने भोगलं. हळदीकुंकवाला मला कोणी बोलावेना. आईने देवाला काय काय बोलून ठेवलं. त्या चैत्रात सातवीच्या परीक्षेला कोणी अडवलं नाही, कारण तेवढं लक्ष द्यायला कोणाचं मन थाऱ्यावर नव्हतं. दुसरं वर्षही कोरडं गेल्यावर एके सकाळी आबांनी मास्तरांना स्वतःहून बोलावणं पाठवलं. या खेपेला गूळ-शेंगदाण्यांऐवजी चहा दिला. धुळ्याला आबांनीच मला पोचवलं. वसतिगृहाच्या दारात एवढंच म्हणाले, “थंडी पडस आठे. घोंगडी ऱ्हाऊ दे.” मी शिकले, शहाद्याला मुलींच्या शाळेत लागले, आणि लग्नाचं वय कधी निघून गेलं ते कोणी मोजलं नाही. हिरवा शालू धाकट्या बहिणीला झाला.

आबांची गोष्ट मात्र वाढत गेली. ओट्यावर कोणी पाहुणा आला की सुरतेचा खांब निघायचा. आधी घाव चार बोटं खोल होता, मग वीतभर झाला. शाळा सोडून गेलेल्या माझ्या जुन्या विद्यार्थिनी मला येऊन विचारायच्या, की बाई, तुमच्या आजोबांनी सुरतेचा दरवाजाच तोडला होता ना? मी वर्गात सुरतेचा धडा शिकवताना इकडंतिकडं न बघता पुस्तकात असेल तेवढंच सांगून पान उलटायची.

शाळेची सहल सुरतेला नेली ती अशाच एका पौषात. बारा मुली होत्या. पोंक खाल्ला, किल्ला पाहिला, बागेतल्या कबरीला कोणाला नमस्कार करू दिला नाही. आणि मग पाय आपोआप त्या गल्लीकडे वळले. मोटी बा नव्हत्या, छगनशेठही नव्हते. गादीवर त्यांचा मुलगा होता. खांब तसाच, घाव तेलाने चमकत होता आणि आता त्याच्याभोवती पितळेची पट्टी बसवली होती. मुलाने माझं लुगडं, माझी बोली हेरली आणि विचारलं, “बेन, तमे खानदेशना? पाटील?” मी हो म्हटल्याबरोबर तो उठला, मला खांबापाशी घेऊन गेला आणि बापाच्याच सुरात सांगू लागला. माझ्या मुली तोंड उघडं टाकून ऐकत होत्या. एकीने घावात बोट घातलं. मी त्यांची बाई, खरं काय ते सांगणं माझं काम. मी सांगितलं नाही. दोन लुगडी घेतली आणि घासाघीस करायचं विसरले.

गावी आले तेव्हा आबा उन्हात खाटेवर बसले होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, घोंगडी तीच, मी धुळ्याहून परत आणलेली. सुरतेहून आले म्हटल्यावर त्यांनी हाताने माझी जागा चाचपली.

“खांब शे का अजून?”

“शे, आबा. पितळनी पट्टी लायेल शे आते.”

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, “त्या घावना पायी तुन्हं लगन मोडनं, पोरी. मी तोंड आवरतू तं तू आज पोरासोरासमा ऱ्हाती. मन्ही चूक शे ती.”

माझ्या बापाने आयुष्यात कोणापुढे चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. जी चूक ते पदरात घेत होते ती त्यांची एकट्याची नव्हती. अर्धी, अर्ध्याहून जास्तच, माझी होती. मोटी बांचं वाक्य इतकी वर्षं माझ्या ओठांवर तयार होतं. “आबा,” मी म्हटलं, “तो घाव...”

त्यांनी मान वर केली. दिसत नसलेले डोळे माझ्याकडे लावले आणि घाबऱ्याघाबऱ्या विचारलं, “आपलाच शे ना?”

“आपलाच शे, आबा,” मी म्हटलं. “दुसरा कोनाच नही.”

ते समाधानाने आडवे झाले. मी त्यांच्या पायांवर घोंगडी सारखी केली, तिथंच उन्हात बसले आणि पिशवीतून मुलींच्या वह्या काढून तपासायला घेतल्या.